विषाच्या पिंजऱ्यातला हात

"हालू नका मॅडम, आत्ताच बसून रायल्या बाया," उमाकांत म्हणाला आणि त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

मी हलत नव्हतेच. माझा उजवा हात कोपरापर्यंत जाळीच्या पिंजऱ्यात होता आणि त्यावर शंभर डास बसले होते. रक्त पितात त्या फक्त माद्या, म्हणून उमाकांत त्यांना बाया म्हणायचा. पाच मिनिटं हात आत ठेवायचा. त्यांची पोटं लाल होऊन टम्म फुगली की हलकेच बाहेर काढायचा. रक्त मिळालं नाही तर त्या अंडी घालत नाहीत आणि अंडी नाहीत तर आमचं कामच बंद. आता यासाठी यंत्रं आली आहेत म्हणे. तेव्हा आमच्या संशोधन केंद्रात कातडी दोनच होती, एक माझी आणि एक उमाकांतची.

हे डास मलेरियाचे, पण आमच्याकडे जन्मलेले, म्हणजे निरोगी. त्यामुळे भीती नव्हती, नुसती खाज होती. आणि एक गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नाही. मला ते आवडायचं. हात आत गेला की शंभर जीव एकदम उठून माझ्याकडे यायचे. दिवसभरात माझ्याकडे कुणी येण्याचा तेवढाच प्रसंग असायचा.

मोहतुरा हे चंद्रपूरकडचं तलावाकाठचं गाव. गावाबाहेर पाटबंधारे खात्याच्या जुन्या विश्रामगृहात आमचं केंद्र होतं. पुढच्या खोलीत डास, मधल्या खोलीत विंचू, मागच्या खोलीत मी. डॉ. हर्षे सर तालुक्याच्या गावी राहायचे आणि रोज सकाळी नऊला स्कूटरवर यायचे. आमचं काम सांगायला सोपं होतं. उमाकांत नैताम माळावरचे दगड उलटून चिमट्याने विंचू धरून आणायचा. त्यांच्या नांगीला बारीकसा विजेचा झटका देऊन विषाचा थेंब काढायचा. ते विष साखरपाण्यातून डासांना पाजायचं. नुसतं पाजलं तर ते डासाच्या पोटात पचून जातं. ते अंगात भिनावं म्हणून सरांनी त्याला एका झाडाच्या कंदातल्या प्रथिनाची जोड दिली होती. ती जोड म्हणजे सरांची बारा वर्षं. डास मारणाऱ्या फवारण्यांना डास आता दाद देत नव्हते, पण विंचवाच्या विषाशी त्यांची अजून ओळख नव्हती. गावोगाव झाडांवर साखरपाण्याच्या बाटल्या टांगायच्या आणि मलेरिया संपवायचा, असं सरांचं स्वप्न होतं.

डास मात्र मजेत विष पिऊन जगत होते. विषाच्या पिंजऱ्यात शंभरातले दहा मरायचे आणि साध्या साखरपाण्याच्या पिंजऱ्यात आठ. सर ते दोन जास्तीचे डास चिमटीत धरून भिंगाखाली बघत बसायचे.

त्या जानेवारीत पत्र आलं होतं. केंद्राची मुदत मार्चअखेर संपते आहे. तिघांची समिती येऊन काम पाहील, दाखवण्यासारखं काही असेल तर तीन वर्षं वाढवून देईल, नाहीतर कुलूप. सरांनी ते पत्र मला वाचायला दिलं आणि खिडकीबाहेर बघत उभे राहिले. माझं काय होणार हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. सांगण्यासारखं एवढंच होतं की मागची खोली हेच माझं घर होतं. आई गेल्यावर वाशिमचं घर भावाने विकलं. तो फोनवर "ये की केव्हाही" म्हणायचा, पण केव्हा ते सांगत नसे.

तर त्या मंगळवारी मी हात बाहेर काढला आणि उमाकांतने आपला हात शेजारच्या, साध्या पिंजऱ्यात घातला. हा सरांचा कडक नियम होता. विषाच्या पिंजऱ्यात शिरलेला हात साध्या पिंजऱ्यात शिरायचा नाही. चुकून विषाचा अंश इकडून तिकडे गेला तर सगळी तुलना फुकट. साबणाने तीनदा धुतलेला हातही त्यांना चालत नसे. म्हणून माझा उजवा हात विषाच्या पिंजऱ्याचा आणि उमाकांतचा हात साध्या पिंजऱ्याचा. खोलीच्या टोकाला ओल्या काळ्या कापडाखाली आमचा पैदाशीचा मोठा पिंजरा होता. त्यातल्या डासांवर प्रयोग होत नसे, त्यांनी फक्त अंडी घालायची. तिथे माझा डावा हात जायचा. त्याही दिवशी मी तो घातला.

"तुमच्याबी बोटाले शाई लागली वाटते," उमाकांत म्हणाला. त्याच्या आणि माझ्या डाव्या तर्जनीच्या नखावर काळी खूण होती.

"काल रुखमाताई आल्या होत्या."

"माह्याघरीबी आली होती. लय वस्ताद बाई."

रुखमा गेडाम ही गावची आशाताई. वर्षातून एकदा हत्तीपायाच्या गोळ्या घरोघर वाटत फिरायची. आदल्या दिवशी दुपारी ती उंची मोजायची काठी खांद्यावर टाकून माझ्या दारात उभी राहिली होती.

"यंदा एक गोळी नवी हाय बाई," ती म्हणाली. "ते उंचीवर देतात. उभी राय भिंतीले."

मी उभी राहिले. तिने काठी लावली, वहीत आकडा लिहिला आणि मग सहज विचारलं, "जेवली का?"

"हो."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून आत, कोरड्या ओट्याकडे आणि पालथ्या घातलेल्या एकुलत्या ताटाकडे.

"खोटं नको बोलू माय. तोंड पाय कसं सुकून गेलं तुझं. उपाशीपोटी मी कोनालेच गोळी देत नाही."

"नंतर घेईन ना. ठेवून जा."

"ठेवून गेलं की लोकं फेकून देते. माह्यासमोर खा लागते." ती सरळ आत येऊन खाली बसली आणि पिशवीतून स्वतःचा डबा काढला. भात होता आणि अंबाडीची भाजी. तिने झाकणात अर्धं काढून माझ्यापुढे सरकवलं.

"आणि तुम्ही?"

"माहा अर्धा हाय ना. खा गुमान."

आम्ही दोघी जमिनीवर बसून जेवलो. भाजी आंबट होती, तिखट होती. त्या खोलीत चार वर्षांत माझ्यासोबत कुणी जेवलं नव्हतं. मग तिने तळहातावर गोळ्या ठेवल्या, मी त्या गिळेपर्यंत समोर बसून राहिली, "आ कर" म्हणून लहान पोरासारखं तोंड उघडून पाहिलं आणि नखावर खूण करून निघून गेली. ती गेल्यावर मी झाकण घासलं तेव्हा लक्षात आलं की ते तिचं होतं. घाईत ती बिनझाकणाचाच डबा घेऊन गेली होती.

गुरुवारी सकाळी मी विषाच्या पिंजऱ्यापाशी गेले आणि आधी वाटलं, दिवा लागलेला नाही म्हणून डास दिसत नाहीत. दिवा लागलेला होता. डास तळाला पडले होते. शंभरातले त्र्याण्णव. उरलेले सात उलटे पडून पाय हलवत होते. साध्या पिंजऱ्यात सहा मेले होते, बाकी जाळीवर बसून मजेत होते.

सर आले, हेल्मेट न काढताच वाकले आणि कितीतरी वेळ तसेच राहिले.

"पुन्हा मोज," ते म्हणाले.

"तीनदा मोजले सर."

"चौथ्यांदा मोज."

मी मोजले. तितकेच होते. तेव्हा सरांनी हेल्मेट काढलं आणि ते खुर्चीत बसले. माणूस एका क्षणात दहा वर्षांनी तरुण झालेला मी पहिल्यांदाच पाहिला. "यावेळी मी जोडीचं प्रमाण दुप्पट केलं होतं," ते म्हणाले. "एवढंच कमी पडत होतं बघ. एवढंच." मग त्यांनी खिशातून पैसे काढून उमाकांतला पेढे आणायला पाठवलं आणि समितीच्या अध्यक्षांना फोन लावला. समिती सोमवारी येणार होती.

मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू? मी मागच्या खोलीत गेले आणि भिंतीवरच्या खिळ्यांकडे बघत बसले. तीन वर्षं मिळाली तर इथे एक फळी ठोकायची, खिडकीला पडदा लावायचा, रुखमाताईला जेवायला बोलवायचं, असे बेत करत होते.

शुक्रवारी सकाळी मी पैदाशीच्या पिंजऱ्यावरचं काळं कापड ओलं करायला उचललं. आत नर तेवढे उडाले, मादी एकही नाही.

तळाला सडा पडला होता. या पिंजऱ्याला कधी विषाचा थेंब दाखवलेला नव्हता. पहिला विचार आला तो सरांच्या नियमाचाच: माझ्याच हाताने विष इकडे आलं. पण उजवा हात विषाचा होता आणि इथे डावा गेला होता. आणि हाताला लागून आलेल्या अंशाने एवढे मरणार असतील तर बारा वर्षं बाटलीभर विषाने का मेले नाहीत? मी कापड परत टाकलं. कुणाला काही सांगितलं नाही. आज कळतं की मी त्याच क्षणी ओळखायला हवं होतं. कदाचित ओळखायचं नव्हतं.

दुपारी रुखमाताई डब्याचं झाकण न्यायला आली.

"गोळीनं तरास नाही झाला ना? डोकं गिकं दुखलं का?"

"नाही."

"मंग बरं झालं. ते नवी गोळी लय कामाची हाय, पाय. गावातल्या पोरींच्या डोक्यातल्या उवा मरून रायल्या! बाया खुश. खरूजबी जाते म्हनते डॉक्टर. सरपंचाच्या घरचा मानूस सांगत होता, गुराच्या गोचिडाले जे सुई देते ना, त्यातलंच औषध हाय हे."

मी तिच्याकडे बघत राहिले. गोचीड गाईच्या अंगाला चिकटतो, रक्त पितो आणि मरतो. कारण सुई गाईला दिलेली असते.

"काय झालं बाई? बस खाली. जेवली नाही वाटते आजबी."

"जेवले," मी म्हटलं आणि झाकण तिच्या हातात दिलं.

ती गेल्यावर मी मधल्या खोलीत गेले. उमाकांत विंचवांच्या डब्यात झुरळं सोडत होता.

"उमाकांत, तुम्ही त्या दिवशी गोळ्या गिळल्या होत्या?"

त्याने वर पाहिलं नाही. "हाव जी. शाई लागली नाही का बोटाले?"

"मी रुखमाताईला सांगणार नाही. खरं सांगा."

त्याने दोन झुरळं सोडली, झाकण लावलं. "गालात धरल्या मॅडम, अन् घरामागं थुकल्या. मागच्या वर्षी गोळी खाऊन दिवसभर डोकं गरगरलं होतं. पन काऊन विचारता?"

"असंच."

तुलना बरोबर झाली होती, फक्त ती विषाची नव्हती. एका पिंजऱ्यात गोळी गिळलेल्या बाईचा हात गेला होता आणि दुसऱ्यात गोळी थुंकलेल्या माणसाचा. तुलनेत घोळ नको म्हणून पाळलेल्या नियमानेच तो घोळ घातला होता.

तरी मी खात्री केली. नव्याने कोषातून निघालेले डास घेतले, विष कशाला म्हणतात ते माहीत नसलेले. वीस-वीस दोन बरण्यांत ठेवले. एकीला माझा हात दिला, एकीला उमाकांतचा. रविवारी दुपारी माझ्या बरणीत पंधरा मेलेले होते, त्याच्या बरणीत एक.

रविवार असूनही सर आले होते. समितीला दाखवायचे तक्ते टेबलावर पसरले होते आणि ते पट्टीने रेघा मारत होते. मी दोन्ही बरण्या त्यांच्यासमोर ठेवल्या.

"हे काय?"

"सर, डास विषाने मेले नाहीत. माझ्यामुळे मेले."

मग मी सगळं सांगितलं. गोळी, शाई, थुंकणं, काळं कापड, बरण्या. सरांनी मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी त्यांनी पट्टी खाली ठेवली आणि माझी बरणी उचलून उजेडात धरली.

"म्हणजे विषाचा काहीच परिणाम नाही."

"यावेळीही दोनचारच असतील सर. नेहमीसारखे."

"उमाकांतला माहीत आहे हे?"

"त्याला फक्त थुंकल्याचं माहीत आहे. पुढचं नाही."

"म्हणजे तुला आणि मला." त्यांनी बरणी ठेवली. बाहेर तलावावर कुणीतरी कपडे आपटत होतं. "उद्या बोललो नाही तर प्रयोगाची पुढची फेरी जूनमध्ये. तोवर मंजुरी हातात येते. तीन वर्षांत कदाचित खरोखरच साधेल. प्रमाण अजून वाढवून पाहिलं नाही आपण."

माझ्या डोळ्यांसमोर फळी होती, पडदा होता. मी नुसती गप्प राहिले असते तरी पुरे होतं. ते मला विचारत होते हे मला कळत होतं, आणि मी बरण्या परत उचलाव्यात असं त्यांना वाटत होतं हेही कळत होतं. पण मी बरण्या तिथेच राहू दिल्या.

"केंद्र बंद झालं तर तू कुठे जाशील?" त्यांनी विचारलं. चार वर्षांत पहिल्यांदा.

"भावाकडे. तो केव्हापासून बोलावतोय."

"हां. मग ठीक आहे," सर म्हणाले. त्यांना हायसं वाटलेलं स्पष्ट दिसलं. त्यांनी तक्ते गुंडाळायला घेतले.

सोमवारी त्यांनी समितीला दहा मिनिटांत सारं सांगून टाकलं. माझं नाव घेऊन सांगितलं की चूक हिने पकडली. समितीतल्या एक बाई भल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, या गोळीने डास मरतात हे बरंच आधी छापून आलंय. तुमच्या वाचनात नाही आलं?" सर म्हणाले, "मी फक्त विषांवरचं वाचत आलो." मुदतवाढीचा विषय पुन्हा निघाला नाही. जेवणं झाली आणि गाडी निघून गेली.

मार्चच्या एकतीस तारखेला उमाकांतने विंचू माळावर नेऊन सोडले. "जा बाबांनो, आता कोनी दोहत नाही तुमाले," असं म्हणून त्याने रिकामे डबे घरी नेले. मी सकाळीच रुखमाताईला भेटायला गेले होते. दाराला कडी होती. शेजारीण म्हणाली, ती बाळंतिणीला घेऊन तालुक्याला गेली. डास मात्र सोडता येत नाहीत. त्यांना फ्रीजरमध्ये ठेवायचं असतं, अर्ध्या तासात संपतात. कोषातून नव्याने निघालेले दीडेकशे होते, पैदाशीच्या पिंजऱ्यात.

दुपारी मी काळं कापड काढलं आणि हात आत घातला.

सर कपाटाला सील लावत होते. त्यांनी पाहिलं. "अगं, आता कशाला? दहा मिनिटांत फ्रीजरला लावायचेत."

"उपाशी आहेत सर. तीन दिवस झाले."

सर येऊन शेजारी उभे राहिले. माझ्या रक्तातली गोळी केव्हाच उतरली होती. डास आले, बसले, सोंडा टेकवून पिऊ लागले. नेहमीसारखेच सगळे एकदम आले होते.

मग सरांनी शर्टाची बाही वर केली. त्यांच्या दंडावरचं कातडं पांढरंफटक होतं. "बारा वर्षांत मी कधी हात घातला नाही," ते म्हणाले. "किती वेळ ठेवायचा?"

"पाच मिनिटं. हलवायचा नाही."

त्यांनी दुसऱ्या बाजूच्या कापडी तोंडातून हात आत सारला. पहिली चावली तेव्हा त्यांचा खांदा उडाला, मग ते स्थिर झाले. आम्ही दोघं पिंजऱ्याच्या दोन बाजूंना, तोंडं एकमेकांकडे करून उभे होतो. इतक्या जवळून आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि ते पुन्हा डासांकडे बघू लागले.